तिघांनाही झोप लागली

प्रिय चिंगे,

पोहोचलो. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवलंस तरी तुझी चूक नाही. काल फोनवर तू तेवढंच विचारलंस आणि मीही तेवढंच सांगितलं. पण परवा संध्याकाळी आपलं जे झालं त्यानंतर ‘पोहोचलो’ एवढ्यावर भागणार नाही हे तुलाही कळतंय आणि मलाही. तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, “दादा, आईला मी घेऊन जाते. आठवड्यापुरती नव्हे, कायमची.” मी म्हणालो, “आई कुठेही जाणार नाही,” आणि जेवणाच्या ताटावरून उठलो. पहाटे निघताना तू डब्यात पोळीभाजी भरून दिलीस, तीही मी टेबलावरच विसरलो. विसरलो असं मी म्हणतो, तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. तर आज सकाळी उत्तर द्यायला बसलोय. आधी कालचा दिवस सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय उत्तर सांगता येणार नाही. तू हसशील. हस.

पैलवान आणि वकील तुला वेगवेगळे माहीत आहेत, पण दोघांना एकत्र घेऊन प्रवास करण्याचा योग तुझ्या वैऱ्यावरही न येवो. पैलवान फुंकर मारली तर उडेल असा, आणि वकिलाने कोर्टाची पायरी चढलेली नाही. डेपोत सगळ्यांत जास्त वाद घालायचा म्हणून ते नाव पडलं. तिघांनी जन्मभर लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवल्या. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत एक जुनं कॅलेंडर होतं, त्याच्यावर माडांच्या रांगेमागे निळं पाणी. कॅलेंडरचं वर्ष उलटून गेलं तरी ते कुणी काढलं नाही. रिटायर झालो की तिथे जाऊ, असं आम्ही त्याच्याकडे बघून म्हणायचो. ते बेट कुठलं हे छापलेलंच नव्हतं, म्हणून वकिलाने हे शोधून काढलं. म्हणाला, माड आहेत, पाणी निळं आहे, अजून काय पाहिजे?

बंदरापर्यंत बसने गेलो. तीन ड्रायव्हर प्रवासी म्हणून एका बसमध्ये बसले म्हणजे एका चुलीभोवती तीन आचारी. पहिल्याच वळणावर तिघांचेही उजवे पाय फळीवर दाबले गेले, ब्रेकसाठी. वकिलाला गिअरचा आवाज आवडेना. “क्लचप्लेट गेलीय,” तो दर थोड्या वेळाने सांगायचा, जणू मीच ती नेली. चहाला गाडी थांबली तेव्हा तो ड्रायव्हरला समजावायला गेला. तो पोरगेला ड्रायव्हर अगदी अदबीने म्हणाला, “काका, तुम्ही खिडकीत बसा, झाडं बघा.” वकील परत येऊन बसला आणि बंदर येईपर्यंत खरोखरच झाडं बघत राहिला. पैलवान इतका हसला की त्याला उचकी लागली.

बोट सुटायला अवकाश होता. धक्क्यावर प्रतीक्षागृह आहे, पत्र्याचं, तीन बाजूंनी उघडं. पंखे मात्र मोठे. बाकांची एक रांग आम्ही अडवली, बॅगा पायांशी घेतल्या. आता हे नीट वाच. लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात हे तुला माहीत आहे. एक चालवतो, दुसरा मागच्या फळीवर झोपतो. चालवणारा बसताना म्हणतो, “झोप तू, मी आहे.” तेवढं ऐकलं की दुसऱ्याने डोळे मिटायचे. मग खाली दरी असो, पुढे धुकं असो, त्याने डोकं वर करून बघायचं नाही, तो चालवणाऱ्याचा अपमान समजतात. आम्ही तिघंही असेच झोपलो जन्मभर, एकमेकांच्या भरवशावर. पण ते दोघादोघांत. दोघांत एक मिटला की दुसरा उघडा, हे आमच्या हाडात मुरलंय. काल आम्ही तिघं होतो. पैलवानाने डोळे मिटताना मनाशी म्हटलं, हे दोघं आहेत. वकिलानेही तेच म्हटलं. मी तर म्हटलं सुद्धा नाही. डोकं मागे टेकवलं एवढं आठवतंय.

तीन तिघाडा, काम बिघाडा. झाडूवाल्या बाईने पायांना झाडू लावला तेव्हा आम्ही उठलो. बोट गेली होती. “अहो, तीनदा भोंगा झाला,” ती म्हणाली, “मला वाटलं तुम्हाला जायचंच नाहीये.” वकिलाने लगेच कामकाज सुरू केलं: पाळी कुणाची होती? पैलवान म्हणाला, तुझी. वकील म्हणाला, कुणी ठरवली? मी मात्र वाद घातला नाही, कारण मला वेगळंच नवल वाटत होतं. घरी दाराची कडी नुसती हलली तरी मी उठून बसतो. मी बोटीचा भोंगा ऐकला नाही. तीनदा वाजलेला. मान आखडली होती, तोंडाला कोरड पडली होती, शर्टावर लाळ सांडली होती, आणि इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग मालवाहू बोट मिळाली. प्रवाशांना तिच्यात जागा नसते, पण वकिलाने आयुष्यात पहिल्यांदा वादाचा काही उपयोग करून दाखवला. बोटीवर सिमेंटच्या गोण्या, दोन फ्रिज, कोंबड्यांच्या टोपल्या, आणि मधोमध प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरा सोफा. बेटावरच्या कुणीतरी मागवलेला. खलाशी म्हणाला, बसा त्याच्यावर, पण प्लॅस्टिक फाडू नका. तेव्हा आम्ही तिघं म्हातारे समुद्राच्या मधोमध सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसलो, समोर कोंबड्या, डोक्यावर ऊन. प्लॅस्टिक तापलं आणि घामाने आम्ही त्याला चिकटलो. कुणी जरा हललं की चर्र आवाज व्हायचा आणि कोंबड्या फडफडायच्या.

जमीन दिसेनाशी झाली आणि मला पोटात ढवळायला लागलं. घाटात ओकणाऱ्या प्रवाशांना मी आरशातून पाहायचो आणि मनात म्हणायचो, एवढं काय होतं यांना? जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. कठड्यावर ओणवा झालो तो आतडी बाहेर येतात की काय असं वाटेपर्यंत. पैलवानाने माझं कपाळ धरलं. त्याच्या हातात ताकद किती आहे हे मला कालच कळलं. ओकून झाल्यावर त्याने त्याचा टॉवेल बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि माझं तोंड पुसलं. हनुवटी पुसली, गळा पुसला, मग टॉवेलची दुसरी बाजू करून पुन्हा तोंड पुसलं. चिंगे, गेली दोन वर्षं मी रोज आईचं हेच करतोय, जेवण झालं की, औषध झालं की, आणि मध्येच केव्हाही. हनुवटी, गळा, मग दुसरी बाजू. माझं कुणी पुसलेलं मला आठवेना. मला रडू आलं. मी म्हणालो, ओकारीने डोळ्यांत पाणी येतं. पैलवान म्हणाला, येतं. मग त्याने टॉवेल पिळून कठड्यावर वाळत घातला.

सोफ्यावर परत बसलो तेव्हा ध्यानात आलं की दुपार उलटली आणि मी तुला फोन केला नाही. दुपारच्या गोळीची आठवण करून द्यायची होती. समुद्रात रेंज नव्हती हे खरं, पण धक्क्यावर होती, आणि धक्क्यावर माझ्या डोक्यात गोळी आलीच नाही. गोळीच काय, आईही आली नाही. पहाटे निघालो तेव्हापासून पैलवानाने तोंड पुसेपर्यंत एकदाही नाही. मी आधी घाबरलो. मग स्वतःची लाज वाटली. आणि मग, तुला खरं सांगतो, दोन्ही गेलं आणि नुसतं हलकं वाटलं, डोक्यावरचं पोतं कुणी उतरवून घेतल्यासारखं. ते हलकेपण मला आवडलं नाही, पण होतं.

बेटावर उतरलो तर हवा अशी की श्वास घेतला की पाणी प्यायल्यासारखं वाटतं. ओला, खारट, गरम वास, आणि त्यात कुठेतरी चाफा. लॉजच्या मालकीणबाई स्वतः आम्हाला न्यायला आल्या होत्या, तीनचाकी टेम्पो घेऊन. आमच्या बोटीची वाट बघून त्या एकदा परत गेल्या होत्या आणि पुन्हा आल्या होत्या. मी माफी मागितली तर म्हणाल्या, “इथे येणारा प्रत्येक जण कशाला तरी उशीर करून येतो.” पुढे एकच सीट. आम्ही मागे हौद्यात, बॅगांवर, मागे तोंड करून. म्हणजे जन्मात पहिल्यांदा रस्ता आम्हाला समोरून येताना दिसेना, नुसता मागे जाताना दिसला. कुठे खड्डा आहे, कुठे वळण आहे काही कळेना, ब्रेक दाबायला पाय उचलावा तर उशीर झालेला. थोड्या वेळाने तिघांनीही पाय सोडून दिले. दोन्ही बाजूंना केळी, माड, कुंपणांवर वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी ओट्यावर उघडी शिलाई मशीन. मध्येच बाईंनी गाडी थांबवली. वकिलाने लगेच विचारलं, काय बिघडलं? काही नाही, लाल खेकडे रस्ता ओलांडत होते. ते सगळे पलीकडे जाईपर्यंत आम्ही थांबलो.

खोली बरी आहे. तीन खाटा, तीन मच्छरदाण्या, एक पंखा, पत्र्याखाली नारळाच्या झावळ्या घातल्यात म्हणून तापत नाही. न्हाणीघर बाहेर, वर उघडं आभाळ. फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर उभं राहिलं तर. मी अंघोळही न करता तिथे चढलो आणि तुला फोन लावला. तू म्हणालीस, पोहोचलास? मी म्हणालो, पोहोचलो. आई कशी आहे? तू म्हणालीस, बरी आहे, आत्ताच डोळा लागलाय.

डोळा लागलेला नव्हता, चिंगे. ती तुझ्या शेजारीच होती. तिने विचारलं, “कोण आहे गं?” तू म्हणालीस, “दादा आहे.” ती म्हणाली, “कोण दादा?” तेव्हा तू फोनवर हात ठेवलास. हात ठेवला तरी ऐकू येतं.

तुला वाटलं असेल, हे ऐकून मला धक्का बसेल. म्हणून तू खोटं बोललीस, आणि तुझा आवाज किती बदलला हे तुझ्या लक्षात आलं नाही. मला नाही धक्का बसला. मला गेल्या वर्षापासून माहीत आहे. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं ठरतं. तू फोन करायचीस, ती तुझ्याशी बोलायची, तुझं नाव घेऊन, तुझ्या लहानपणीचं सगळं सांगायची, आणि तुला वाटायचं, एवढी काही वाईट नाही परिस्थिती. नव्हतीच, तुझ्यासाठी. चार दिवसांपूर्वी तू दारातून आत आलीस आणि आई खुर्चीतून म्हणाली, “चिंगे, किती वाळलीस गं!” तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो आणि काही कारण नसताना मिक्सर लावला. तू आत येऊन विचारलंस, काय वाटतोयस? मी म्हणालो, चटणी. भांडं रिकामं होतं, तू बघितलं असशील. मी रागावलो होतो, पण तुझ्यावर नव्हे. दोन वर्षं मी तिचं सगळं करतो, आणि तू वर्षातून दोनदा येतेस, आणि तिला तू आठवतेस. परवा तू कायमचं नेण्याचं बोललीस तेव्हा मला आईची काळजी वाटली असं मी दाखवलं. काळजी नव्हती, हेवा होता. तुझ्याकडे तळमजला आहे, मागे अंगण आहे, जावईबापू दिवसभर घरातच घड्याळं दुरुस्त करत बसलेले असतात. माझ्याकडे तिसरा मजला आणि एकटा मी. हे मला परवाही कळत होतं.

काल दिवेलागणीला मी आडवा झालो आणि आज उन्हाने उठवलं. घरच्यासारखी खाट दाराला लावलेली नव्हती, उशाखाली किल्ली नव्हती. पैलवान बनियनवर समुद्रात उतरलाय, गुडघाभर पाण्यात उभा आहे, पुढे जायची हिंमत नाही. वकील काठावरून त्याला पोहण्याचे नियम सांगतोय. त्याला स्वतःला पोहता येत नाही. माझा चहा त्यांनी बशीने झाकून ठेवला होता. मला उठवलं नाही. दोघांना माझं घर माहीत आहे. सहलीला चल म्हणून त्यांनी माझा का पिच्छा पुरवला हे मला तो चहा पिताना उमगलं.

आता तुला जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. फोनवर सांगता येत नाही, कारण तू फोन घेतेस तेव्हा आई जवळ असते, आणि मीही फोनवर हे नीट बोलू शकलो नसतो. काल रात्री ती दाराशी गेली असेल. तू आलीस तेव्हापासून रात्री मीच उठायचो, तुला कळू दिलं नाही. तिला माहेरी जायचं असतं. पिशवी भरते आणि म्हणते, शेवटची गाडी चुकेल. तू तिला म्हणाली असशील, आई, रात्र झाली, हेच आपलं घर, झोप. तसं म्हणू नकोस, ती घाबरते. मी काय करतो ते सांगतो. माझा खाकी शर्ट आतल्या खोलीच्या दारामागे टांगलेला आहे. तो मी पायजम्यावरच अडकवतो आणि तिच्यापुढे जाऊन म्हणतो, “बाई, आजची गाडी रद्द झाली. उद्या या.” ती म्हणते, “नक्की ना, ड्रायव्हरदादा?” आणि जाऊन झोपते. वर्षभर मी तिचा मुलगा नाही, पण तिचा ड्रायव्हर आहे. त्या माणसावर तिचा फार विश्वास आहे. तो विश्वास माझा म्हणून मी जपून ठेवला होता, आणि तू तिला नेलंस तर तोही जाईल म्हणून परवा ओरडलो. तर तू तिला ने. कायमची ने. पण तू एकटी नेऊ नकोस, तुझ्याबरोबर ती यायची नाही. तिच्या लेखी तुझं लग्नच अजून व्हायचंय, मग तुझं घर कुठलं? ती जाईल तर माहेरी जाईल, आणि जाईल तर गाडीने. मी आठवडा इथे पुरा झोपून घेतो आणि येतो. पैलवानाची मोटार मागितली आहे, तो हो म्हणाला. तू तिची पिशवी भरून ठेव. मी शर्ट घालून वर येईन आणि सांगेन की आज गाडी आहे. वाटेत तू तिच्याजवळ मागे बस. तुझ्या घराशी पोहोचलो की दार तू उघड, हात तू धर, अंगणातून तू आत ने, आणि तिने मागे वळून मला काही म्हटलं तर तिला थांबवू नकोस. तिला आत बसवलंस, पाणी दिलंस, की माझा चहा बाहेर गाडीपाशी आणून दे. त्या दिवशी मी घरात येणार नाही. ड्रायव्हर प्रवाशाला पोहोचवतो, त्याच्याबरोबर आत जात नाही.

मालकीणबाई सकाळच्या बोटीने पलीकडे निघाल्यात, पत्र त्यांच्याजवळ देतो.

तुझाच,
दादा